भिंतीपलीकडची सवत

मास्तरांनी हात वर केला, आम्ही सगळ्यांनी तोंडं उघडली, आणि एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही.

मी थापा मारतो हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही थाप नाही. शहरातलं भलंमोठं सभागृह, समोर खुर्च्या गच्च भरलेल्या, आणि व्यासपीठावर आम्ही अख्खा गायकवृंद पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखा तोंडं वासून उभा. शिंपी होता, न्हावी होता, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, बेकरीवाला आणि त्याची सासू होती, कुलपं दुरुस्त करणारा मी होतो. घसे सगळ्यांचे ठणठणीत. गाणं असं पाठ, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळेना. जिन्याची पहिली पायरीच कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं.

ती पायरी म्हणजे काय, हे सांगायचं तर आधी पंपाचं सांगावं लागेल.

आमचं गाव उंचावर आणि नदी खाली. पाणी वर चढवायला एक पंप आहे. तो माझ्या आजोबांच्या लहानपणी सुरू झाला आणि नंतर कधी थांबलाच नाही. थांबवायची कुणाची छाती नव्हती. एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू होईलच असं नाही, असं पहिल्या पंपवाल्यानं मरताना दुसऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्याचा आवाज म्हणजे एक सरळसोट घूंऽऽ, आणि कुठलासा वायसर झिजल्यामुळे मधूनच एक उचकी, ढक्. पुन्हा घूंऽऽ.

मास्तर तरुणपणी शाळेत संगीत शिकवायला आले तेव्हा त्यांना राहायला पंपघराला चिकटलेल्या दोन खोल्या मिळाल्या, कारण तिथं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शाळेचा पियानो ओल खाऊन केव्हाच कामातून गेला होता आणि त्यात उंदरांनी संसार थाटला होता. मास्तरांजवळ होतं एक व्हायोलिन. त्यांनी भिंतीला कान लावला, तारा पिळून पंपाला जुळवल्या आणि वर्गात जाहीर केलं की आजपासून हा आपला सा. फुकट आहे, चुकत नाही आणि कधी रजा मागत नाही.

वर्ग भरायचा त्यांच्या घरातच, पुढच्या खोलीत. पद्धत ठरलेली. मास्तर हात वर करायचे, आम्ही सगळे डावा कान भिंतीकडे वळवायचो, सा उचलायचो, मास्तर हात खाली आणायचे की गाणं सुरू. बाप शिकला, मुलगा शिकला, नातू शिकला. सगळ्या गावाचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे तो त्यामुळेच. विश्वास बसत नसेल तर न्हाव्याला विचारा. तो माझ्यापेक्षा जरा कमी खोटं बोलतो.

पुढेपुढे तर गावात तान्हं मूलसुद्धा त्याच सुरात रडू लागलं. बाजारात दोघी भांडायला उभ्या राहिल्या की एकीनं खालचा सूर धरावा आणि दुसरीनं नकळत त्यावर पंचम चढवावा. बघे भांडण सोडवायचं सोडून माना डोलवायचे. एकदा न्यायालयात वादी आणि प्रतिवादी एकाच वेळी ओरडले, ते न्यायाधीशांना इतकं गोड लागलं की त्यांनी निकाल न देता पुढची तारीख दिली. आणि गंमत अशी की पंप दर वर्षी झिजत होता, केसाएवढा खाली उतरत होता, आणि त्याच्यामागोमाग सगळं गाव उतरत होतं. बेकरीवाल्याची सासू लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गळ्यात कोकिळा होती. आता ती माझ्या शेजारी खर्जात उभी राहते. तिला वाटतं, वय झालं.

या सगळ्यात पंपाशी उभा दावा होता तो एकट्या काकूंचा.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्तीनंतरही पोरांच्या वह्या घरी यायच्याच. आम्हा सगळ्यांना अपूर्णांकांत त्यांनीच बुडवलं आणि त्यांनीच वर काढलं. पंपाला त्या सवत म्हणायच्या. यांना सकाळी उठलं की आधी तिचा आवाज लागतो, मग माझा, असं आल्यागेल्याला सांगायच्या. वह्या तपासायला बसल्या की दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आम्ही गात असलो तरी बोळे तसेच. त्यांना कधी कुणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मास्तर म्हणायचे, हिचं आणि सुरांचं जमत नाही. त्याही म्हणायच्या, एका घरात एकच वेडं पुरे.

तर गेल्या साली काकूंचा उजवा कान गेला. कानांच्या डॉक्टरांनी डावा तपासला आणि त्याचाही भरवसा देता येत नाही म्हणाले. आज आहे, उद्या नसेल. घरी येऊन काकूंनी चहा टाकला, मास्तरांपुढे कप ठेवला आणि जे बोलल्या ते मी स्वतः ऐकलं, कारण मी त्यांच्या कपाटाच्या कुलपाशी झटत तिथंच बसलो होतो.

"जन्मभर तुमची गाणी तिच्या कटकटीतून ऐकली. जायच्या आधी एकदा, एकदाच, तिच्याशिवाय ऐकायचंय मला."

मास्तरांचा चहा तसाच गार झाला.

मास्तरांनी गावासाठी रगड गाणी बांधली होती. शाळेचं गाणं त्यांचं, दवाखान्याच्या उद्घाटनाचं त्यांचं, अग्निशामक गाडीच्या घंटेलासुद्धा चाल त्यांची. पण एक मोठं गाणं ते वर्षानुवर्षं बांधत होते. आम्ही ते शिकलो होतो, फक्त बाहेर कुठं गायलो नव्हतो. कुणाकडे शब्द टाकायचा नाही असा मास्तरांचा बाणा. पण दुसऱ्याच दिवशी ताठ कणा वाकवून त्यांनी शहरातल्या सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. तो त्यांचा जुना सहाध्यायी, आणि मास्तरांना तो कधीच आवडला नव्हता. तारीख मिळाली.

बसनं निघालो. मास्तरांनी नेहमीप्रमाणे प्रवासासाठी व्हायोलिनच्या तारा सैल सोडल्या. टेकडीचं वळण ओलांडलं आणि आम्हा सगळ्यांच्या कानांना एकदम काहीतरी झालं. दडे बसल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उतारावर असं होतं, जबडा हलवा. मग पुढचा सारा रस्ता अख्खी बस रवंथ करणाऱ्या म्हशींसारखी जबडे हलवत होती. अरे, हे दडे नाहीत, ही शांतता आहे, असं एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. जन्मात कधी ऐकली असेल तर ना.

आणि मग ते सभागृह. जाड पडदे, पायाखाली गालिचा, दारं लावली की बाहेरचं चिटपाखरू ऐकू येऊ नये अशी. काकू पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या, डावा कान आमच्याकडे करून. त्यांनी कापसाचा बोळा काढला, रुमालात गुंडाळला आणि रुमाल पर्समध्ये ठेवला. मास्तरांनी हात वर केला. आम्ही सगळ्यांनी डावा कान वळवला. तिथं एक जांभळा पडदा लटकत होता.

एवढंच. पडदा.

शेजारी बेकरीवाल्याच्या सासूनं माझं मनगट धरलं, तिची नखं अजून उमटलेली आहेत. सभागृहात कुणीतरी खोकलं. मास्तरांचा हात वरच. त्यांनी तो खाली घेतला, व्हायोलिन उचललं आणि तारेवर गज ठेवला. तार लोंबत होती. त्यांनी खुंटी पिळली, थांबले, आणखी पिळली, सोडली. त्यांना आठवेना. ज्या माणसानं सगळ्या गावाच्या गळ्यात सा घातला, त्याच्या स्वतःच्या आत तो नव्हता. तो भिंतीत होता. हे त्यांना सगळ्या लोकांसमोर, आत्ता, उभ्याउभ्या कळत होतं. आपल्याच घराचं दार ठोठावावं आणि आतून कुणी परक्यानं उघडावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

तिथल्या पियानोवाल्याला दया आली. त्यानं एक पट्टी दाबून आम्हाला सूर दिला. तो आमच्या सा पेक्षा वर. मग शेजारची दाबली, ती खाली. आमचा झिजलेला सा त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी पडलेला. तरी निम्मे वरच्या सुरावर गेले, निम्मे खालच्यावर, आणि जो आवाज झाला तो बोक्याच्या शेपटीवर पाय पडल्यावर होतो. मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. आम्ही गप्प झालो. काकूंनी मान खाली घातली.

आणि मग तो आला. घूंऽऽ.

मला पहिल्यांदा वाटलं, पंप मागच्या बसनं आमच्यामागोमाग आला. देवाशप्पथ असंच वाटलं. तोच सूर, तसाच सपाट, तसाच जरासा खरखरीत. मग ढक्. आमचे सगळ्यांचे डावे कान आपोआप वळले, पडद्याकडून पहिल्या रांगेकडे.

काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. तोंड मिटलेलं, नजर पर्सवर. आवाज त्यांच्यातून येत होता.

आम्ही सा उचलला. मास्तरांचा हात सवयीनं पुन्हा वर गेला, पण तो तसाच ठेवून ते बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं शेजारी उशी टाकून झोपणारं माणूस, आणि ते आज पहिल्यांदा दिसत होतं त्यांना. शेवटी काकूंनी गुणगुणणं न थांबवता फक्त भुवई उडवली. ती भुवई आम्ही वर्गात पुष्कळदा पाहिली होती. तिचा अर्थ, बघताय काय, पुढचं गणित घ्या. मास्तरांचा हात खाली आला.

आम्ही गायलो. कसे गायलो ते मी सांगत नाही, कारण मी सांगितलं की लोक अर्धं वजा करतात. लांबलचक गाणं ते, आणि काकू पहिल्यापासून शेवटपर्यंत पंप झाल्या होत्या. श्वास घ्यायला बरोबर उचकीच्या जागी थांबत होत्या. ढक्, श्वास, पुन्हा घूंऽऽ.

टाळ्या झाल्या. तो न आवडणारा सहाध्यायी आत येऊन मास्तरांना मिठी मारून गेला. म्हणाला, सगळ्यात भारी म्हणजे तुझा तो सगळ्यांखालचा सूर, त्याच्याशिवाय सगळं अधांतरी राहिलं असतं. आणि स्वरलिपीच्या कागदावर तो शोधायला लागला. कागदावर तो नव्हताच. मास्तरांनी जन्मात एकदाही लिहिला नव्हता. कशाला लिहायचा, तो भिंतीतून येतच होता.

परतीच्या बसमध्ये मास्तर काकूंच्या डाव्या बाजूला बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, कसं झालं गाणं.

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या. "मी कुठं ऐकलं? मी कामावर होते."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरसुद्धा नाही. मास्तरांनी विचारलं, तो सूर तुझ्यात आला कुठून.

"कानात कापूस घातला की बाकी सगळं बाहेर राहायचं. तुम्ही, पोरं, गाणी. ती तेवढी आत शिरून बसायची. एवढी वर्षं सवत नांदवली मी. आवाज नाही ओळखणार तिचा?"

टेकडीच्या वळणावर पंप पुन्हा ऐकू यायला लागला आणि बसमधल्या सगळ्यांचे दडे सुटले. तेवढ्यातच काकूंनी डाव्या कानात बोट घालून हलवलं, पुन्हा हलवलं, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन पंपवाल्याकडे गेले. पंपवाला भला माणूस, आवाजात काम करून करून ओरडूनच बोलणारा. मास्तरांनी काय हवं ते सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तो कुजबुजला.

"मास्तर, माझं मुंडकं मागा. पंप बंद करायला नका सांगू."

पुन्हा सुरू झाला नाही तर? गाव तहानेनं मरेल आणि लोक मला त्याच नदीत बुडवतील, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं. मास्तर त्याच्याशी वाद घालायला गेले नाहीत. काकूंचा कान म्हणजे आता दिव्यातलं संपत आलेलं तेल आहे, एवढंच बोलले. पंपवाला चिंधीनं हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसतच होता. मग म्हणाला, बाईंनी मला भागाकार शिकवला होता. रविवारी सकाळी या.

फक्त गायकवृंदाला माहीत होतं, आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदा एक गुपित रविवारपर्यंत टिकलं. माझ्याकडूनसुद्धा. ही या गोष्टीतली सगळ्यात अविश्वसनीय बाब आहे, पण खरी आहे.

रविवारी आम्ही पुढच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. काकू खिडकीशी वह्या तपासत होत्या. मास्तरांनी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सूर मागितला, जरा मोठ्यानं. त्यांनी डोळे न उचलता दिला. आम्ही तो उचलला, मनात घट्ट धरला, आणि मास्तरांनी भिंतीवर तीन थापा मारल्या.

पंप थांबला.

काय झालं ते कसं सांगू? खिडकीत पाण्याचा पेला होता. त्या घरात पाणी कायम थरथरायचं, तेच पाण्याचं रूप असं आम्ही समजत होतो. ते काचेसारखं स्थिर झालं. छतावरून बारीक धूळ सुटून सावकाश खाली आली. रस्त्यावर कुत्री चालता चालता बसली. एक एक करत दारं उघडली, आणि माणसं आहेत तशी बाहेर आली, कुणाच्या गालावर साबण, कुणाचा एकच पाय बुटात. कुणी काही विचारत नव्हतं. सगळे वर आभाळाकडे बघत होते, जणू ते पडायचं होतं. माझं हृदय मला ऐकू येत होतं, आणि ते इतका आवाज करतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

काकूंचा लाल पेन हवेत थांबला होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता.

मास्तरांनी हात खाली आणला.

आम्ही गायलो. सूर सुटला की काकूंच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच धरून गायलो. ढक् च्या जागी सवयीनं सगळेच एक क्षण अडखळत होतो, तो भाग सोडून द्या. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि तळहात डाव्या कानामागे धरला. शेवटपर्यंत तो तसाच होता. खाली रस्त्यावर सगळं गाव उभं होतं आणि एकही मूल रडत नव्हतं.

गाणं संपलं. मास्तर उभे होते, पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. काकूंनी पेल्यातल्या त्या न हलणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. आणि मग, "पण घर खायला उठलंय. लावा तिला."

मास्तरांनी भिंतीवर थापा मारल्या. काहीच झालं नाही. पुन्हा मारल्या. बेकरीवाल्याच्या सासूनं परत माझं मनगट धरलं. पलीकडून ठोकाठोक आली, पंपवाल्याची एक शिवी आली, आणि मग पंप सुरू झाला. रस्त्यावर लोकांनी सोडलेला श्वास खिडकीतून आत आला.

फक्त तो आमचा पंप नव्हता.

झालं होतं असं, की जन्मात पहिल्यांदा यंत्र थांबलेलं बघून पंपवाल्याचे हात शिवशिवले. गाणं लांब, वेळ हाताशी. त्यानं झिजलेला वायसर बदलला, पट्टा ताणला, सगळीकडे तेल घातलं. उचकी गेली. आणि आवाज पार वर चढला, आमच्या आजोबांनी ऐकला असेल तिथं. खरखर नाही, काही नाही. गुळगुळीत. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मास्तर खुर्चीवर मटकन बसले. आमचा सा गेला होता, आणि तो कुठल्या पट्टीवर होता हे सांगणारी जगात एकही गोष्ट उरली नव्हती.

काकूंनी डावा कान भिंतीला लावला. भुवया जवळ आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही कोण आणलीत?"

पाऊण महिन्यानं त्यांचा डावा कानही गेला. आता त्यांना भिंतीपलीकडची नवी ऐकू येत नाही आणि आम्हीही नाही. वर्ग भरतो तेव्हा त्या खिडकीशी वह्या घेऊन बसतात. मास्तर हात वर करतात. आम्ही सगळे डावा कान वळवतो, भिंतीकडे नाही, खिडकीकडे. मास्तर बायकोच्या खांद्याला हलकेच बोट लावतात, आणि काकू वहीतून मान वर न करता जुनी सवत लावतात. घूंऽऽ. मग ढक्. मग घूंऽऽ.